जुईनगर ते शीव, आणि परत वर्गात

जुईनगरहून शीवला जायचं तर हार्बरची गाडी पकडून कुर्ल्याला उतरायचं, पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेच्या धिम्या गाडीत बसायचं. पुढचंच स्टेशन शीव. नवी मुंबईतल्या कितीतरी आईवडिलांनी हा प्रवास मुलाला बरोबर घेऊन, पिशवीत त्याच्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं भरून केला आहे. जायचं ठिकाण लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं शीव हॉस्पिटल, आणि तिथलं अध्ययन अक्षमता तपासणारं क्लिनिक. वाचन, लेखन किंवा गणित यांत बुद्धी शाबूत असूनही अडखळणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित, एका भाषेतून सूट, असं त्यांचं स्वरूप. त्यासाठी सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते देणाऱ्या मोजक्या ठिकाणांत शीवचं नाव बराच काळ अग्रभागी राहिलं.

एका फेरीत काम होत नाही. बालरोगतज्ज्ञ, डोळे, कान, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. प्रत्येकाची तारीख वेगळी, प्रत्येक तारखेला आईची नाहीतर वडिलांची रजा. हे सगळं बरेच पालक करतात ते मूल आठवी-नववीत गेल्यावर, दहावीचं वर्ष समोर दिसू लागल्यावर. शीव रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत ही गोष्ट वारंवार येते. अडचण शाळेच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसू लागलेली असते, निदान मात्र मूल दहा-बारा वर्षांचं किंवा त्याहून मोठं झाल्यावर होतं.

मधल्या वर्षांत काय झालेलं असतं? प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’, ‘अक्षर सुधारा’, ‘गृहपाठ अपूर्ण’ हे शेरे जमलेले असतात. दोन क्लास बदललेले असतात. घरी आवाज चढलेले असतात, कधी हातही उचलला गेलेला असतो. आणि मुलानं स्वतःबद्दल एक मत पक्कं केलेलं असतं की आपण ‘ढ’ आहोत. प्रमाणपत्रानं पेपरला जादा वेळ मिळतो, हे मत त्यानं पुसलं जात नाही. दुसरीतच ही अडचण ओळखणारा, तिचं नाव सांगू शकणारा आणि बाईंना व घरच्यांना पुढे काय करायचं ते दाखवणारा एक माणूस शाळेतच असता, तर यातलं पुष्कळ टळलं असतं. तो माणूस म्हणजे शालेय मानसशास्त्रज्ञ. आपल्याकडे त्याचं काम नेमकं काय, हे शाळांना, पालकांना आणि पुष्कळदा तिथे नेमलेल्या व्यक्तीलाही स्पष्ट नसतं.

गंमत म्हणजे या व्यवसायाचा उगमच स्पेलिंग न जमणाऱ्या एका मुलापाशी आहे. १८९६ साली फिलाडेल्फियात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या शिक्षिका आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लाइटनर विटमर यांच्याकडे गेल्या. मुलगा चौदा वर्षांचा, हुशार, पण लिहिताना स्पेलिंग सतत चुकणारा. मानसशास्त्राला या मुलासाठी काही करता येत नसेल तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न विटमर यांना पडला. त्यांनी आधी डोळे तपासले, दृष्टिदोष सापडला, चष्मा दिला. त्यानं फरक पडला, पण सगळी अडचण गेली नाही. मग पुढची तपासणी आणि शिकवण्या. जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक असं उभं राहिलं. मुलाला तिथे आणणारी व्यक्ती वर्गात शिकवणाऱ्या बाई होत्या, हे मला त्या हकिकतीत सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही ही परंपरा आजकालची नाही. भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र मुंबईत १९३७ साली सुरू झालं, सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेत, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. त्याच दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या मुलांसाठी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठीत बसवली. ‘बिने-कामत’ या नावानं ती आजही दवाखान्यांत वापरली जाते. १९६०च्या दशकात नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी दुसरी चाचणी तयार केली. जुईनगरचं मूल तपासणीला बसतं तेव्हा टेबलावर बहुतेक वेळा या दोहोंपैकी एखादी असते. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तिचा पायाच शिक्षणात मानसशास्त्र वापरण्याचा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारानं १९९० साली सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनं मनाचं आरोग्य हा विषय मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणला. माणसं होती, संस्था होत्या, साधनं होती. शाळेच्या इमारतीत मात्र हे ज्ञान फार उशिरा शिरलं, आणि शिरलं तेही बहुतेक ठिकाणी जिन्याखालच्या एका छोट्या खोलीपुरतं.

जुईनगर हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी चांगलं ठिकाण आहे. सिडकोनं आखलेल्या या नोडमध्ये ठाण्याहून तुर्भ्यामार्गे नेरूळकडे येणारा लोहमार्ग हार्बरला मिळतो. एका अंगाला औद्योगिक पट्टा, शेजारी शिरवणे गाव, रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत, सिडकोच्या जुन्या चाळवजा इमारती आणि त्यांच्या जागी उठणारे टॉवर. एकाच वर्गात आगरी घरातलं मूल, साताऱ्याहून आलेल्या माथाडी कामगाराचा नातू, केरळी परिचारिकेची मुलगी आणि उत्तर प्रदेशातल्या सुताराचा मुलगा शेजारी शेजारी बसतात. पुष्कळ घरांत आई आणि वडील दोघंही लोकलनं कामाला जातात, आजी गावी असते, मूल शाळेतून आल्यावर शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतं. घरी एक भाषा, इमारतीखाली खेळताना हिंदी आणि शाळेत इंग्रजी.

इथेच मानसशास्त्रज्ञाच्या कामाची पहिली अवघड गाठ आहे. तिसरीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. इंग्रजी माध्यम, घरी मराठी. फळ्यावरचं उतरवून घेताना शेवटच्या दोन ओळी राहतात. मोठ्यानं वाचायची पाळी आली की पोटात दुखतं. तोंडी उत्तरं छान देतो, पेपरात नापास. बाई म्हणतात आळशी आहे. वडील म्हणतात मोबाइलमुळे. आजी फोनवर म्हणते, त्याचे बाबाही असेच होते. यातलं कोण बरोबर?

चांगली मानसशास्त्रज्ञ यावर लगेच चाचणी काढत नाही. ती आधी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते. मुलगा कधी चुळबुळतो, कोणत्या तासाला खुलतो, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातो, हे पाहते. त्याच्या गेल्या दोन वर्षांच्या वह्या मागवते, कारण वहीत जे दिसतं ते कुठल्याही चाचणीत सहजी दिसत नाही. चूक रोज वेगळी आहे की ठरावीक, पान सुरू होतं तेव्हाचं अक्षर आणि संपतं तेव्हाचं अक्षर यांत किती फरक पडतो. मग डोळे आणि कान. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ‘मन लागत नाही’ असा शिक्का बसलेली मुलं आजही आहेत. झोप, सकाळची न्याहारी, रक्तातलं लोह. घरी कोणी आजारी आहे का, भांडणं आहेत का, गेल्या वर्षी शाळा बदलली का.

त्यानंतर भाषा. जी भाषा घरात कोणी बोलत नाही ती वाचायला मूल अडखळलं तर तो त्याचा दोष नसतो, ती भाषा त्याच्या कानात पुरेशी पडलेली नसते. पण तोच मुलगा मराठीतही अडखळत असेल तर विचार करायला हवा. त्याला तोंडी विचारायचं की ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘पाणी’ला जुळणारा शब्द सांग. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतो का? वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची हे दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं का? जोडाक्षर आलं की गाडी थांबते का? बोलीभाषेतही शब्दातले आवाज सुटे करता येत नसतील, तर प्रश्न इंग्रजी माध्यमापलीकडचा आहे. कित्येक वर्षं भारतातल्या मुलांची वाचनक्षमता फक्त इंग्रजी चाचणीनं मोजली जाई आणि अनेक ठिकाणी अजूनही जाते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांसाठी ‘डाली’ हा डिस्लेक्सिया तपासणीचा संच तयार केला, त्यात हिंदी आणि कानडीबरोबर मराठीही आहे. शिक्षकांनी वापरायची प्राथमिक तपासणी वेगळी आणि मानसशास्त्रज्ञानं करायची तपासणी वेगळी, अशी त्याची रचना. हा संच मराठी मुलखातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यानंतर, गरज उरली तर, बुद्धिमापन. बिने यांनी १९०५ साली पॅरिसच्या शाळांसाठी पहिली चाचणी केली ती जादा मदत कोणाला हवी हे शोधण्यासाठी, आणि तिच्यातून येणाऱ्या आकड्याला मुलाची कायमची मर्यादा समजू नका असं ते सांगत राहिले. आपल्याकडे बुद्ध्यंकाचा कागद कपाटात कुलपात राहायला हवा. तो पालकसभेत वाचून दाखवला जातो, नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो, तेव्हा चाचणीचा हेतूच उलटा होतो. अहवालाची खरी किंमत शेवटच्या पानावर असते. मुलाला पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावरचा मजकूर छापून द्या, सगळ्या वर्गासमोर अचानक वाचायला लावू नका, सामाजिक शास्त्राचं उत्तर तोंडी घ्या. हे पान ज्या अहवालात नाही तो अहवाल शाळेच्या काही उपयोगाचा नाही.

आणि हे पान अमलात कोण आणणार? बाई. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पोर्शन संपवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचं काम अंगावर. तिला ‘या मुलाकडे वैयक्तिक लक्ष द्या’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. म्हणून मानसशास्त्रज्ञाचं निम्म्याहून अधिक काम मोठ्या माणसांबरोबर असतं, असं माझं ठाम मत आहे. मुलाला आठवड्यातून अर्धा तास खोलीत बोलावून जे साधतं त्याच्या कितीतरी पट, बाईंचं एक वाक्य बदललं तर साधतं. ‘पुन्हा चुकलास?’च्या जागी ‘कुठपर्यंत जमलं ते दाखव’ हे वाक्य त्या मुलाला दिवसातून सहा तास ऐकू येतं. त्यासाठी बाईंना दोष देऊन चालत नाही. त्यांच्या वर्गात जाऊन, त्यांच्याबरोबर एखादा तास घेऊन, दोन गोष्टी करून दाखवाव्या लागतात. स्टाफरूममध्ये चहा प्यावा लागतो. बाहेरून महिन्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाला हे जमत नाही, त्याची विद्वत्ता कितीही मोठी असो.

‘जा, कौन्सेलरकडे पाठवते’ ही धमकी ज्या शाळेत दिली जाते तिथे ती खोली शिक्षेची होते आणि ज्याला खरंच बोलायचं आहे ते मूल तिथे फिरकत नाही. शिस्तीचं काम आणि मनाचं काम वेगळ्या माणसांकडे असावं, हे मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी मान्य करायला हवं. तसंच गुपिताचं. मूल जे सांगतं ते बाईंना, आईला किती सांगायचं? साधारण नियम असा की मुलाचं बोलणं त्याचं असतं. पण मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या विचारात असेल, किंवा त्याच्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर गप्प बसता येत नाही, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगून ठेवावं लागतं. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न दिल्यास शिक्षा आहे. शाळेच्या नावाला डाग लागेल म्हणून ‘आधी आपापसात बघू’ असं संस्थाचालक म्हणाले, तरी मानसशास्त्रज्ञाला तसं करता येत नाही. पगार शाळा देते, बांधिलकी मुलाशी असते. या नोकरीतला सर्वांत कठीण क्षण इथेच येतो.

ऑगस्ट २०२४मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या बदलापुरात शाळेतच लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानं हा प्रश्न घराघरात पोहोचला. त्याआधी, मार्च २०२२मध्ये, राज्य सरकारनं मुलांच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय काढला होता. समितीच्या सदस्यांत समुपदेशकाचाही उल्लेख आहे. ज्या शाळेत समुपदेशकच नाही तिथे ती खुर्ची कोण भरणार, हे त्या कागदावरून कळत नाही.

सर्वांत जड भाग आता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. शालेय मानसशास्त्रज्ञ या मुलांवर उपचार करत नाही. औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात, सखोल उपचार पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. शाळेतल्या माणसाचं काम लवकर पाहणं, सरळ विचारणं आणि हात धरून योग्य दारापर्यंत नेणं. ‘जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?’ असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे. विचारल्यानं मूल सुटकेचा श्वास टाकतं. त्या दिवशी मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना लगेच बोलवायचं, घरात कीटकनाशकं, गोळ्या हाताशी राहणार नाहीत हे पाहायला सांगायचं, आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक द्यायचा. तिथे मराठीत बोलता येतं. दुर्दैवानं शाळेतलं एखादं मूल गेलंच, तर त्याच्या वर्गमित्रांना, त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला, त्याच्या बाईंना सावरणं हेही याच माणसाचं काम.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटच्या तयारीसाठी राहिलेली सतरा वर्षांची मुलगी गेली, तिचे वडील न्यायालयात आले होते. न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिलाच, शिवाय देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, क्लासेस आणि वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवायची. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. मदतीचे क्रमांक ठळक लावायचे. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत.

आदेश चांगला आहे, पण ‘किमान एक’ या शब्दांत पळवाट आहे. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस पाचशे मुलांमागे एक अशी आहे, आणि तिथेही ती सर्वत्र पाळली जात नाही. आपल्या दोन हजार मुलांच्या शाळेत एकच व्यक्ती असेल तर हिशेब साधा आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा. प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा भेटायचं म्हटलं तरी रोज नऊ मुलं, आणि मग वर्गनिरीक्षण, पालकभेटी, अहवाल, बाईंशी बोलणं यांना वेळच उरत नाही. त्यातून त्या व्यक्तीला ऑफ तासाला पाठवायचं, प्रवेशाच्या मुलाखतींना बसवायचं, वार्षिक संमेलनाचं सूत्रसंचालन द्यायचं, हे अनेक खासगी शाळांत चालतं. नेमणूक अकरा महिन्यांची, पगार शिक्षकांपेक्षा कमी. मूल एका वर्षी विश्वास टाकतं आणि पुढच्या जूनमध्ये खोलीत वेगळ्याच मॅडम असतात.

नवी मुंबईचं एक सुदैव आहे. महापालिकेचं वाशीला अपंग मुलांसाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवासुविधा देणारं ईटीसी केंद्र आहे, तिथे विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट एका छताखाली काम करतात. जुईनगरहून वाशी दुसरं स्टेशन. म्हणजे तज्ज्ञता गावातच आहे. ती महापालिकेच्या आणि छोट्या अनुदानित शाळांच्या वर्गापर्यंत नियमितपणे जायला हवी. जुईनगर, शिरवणे, सानपाडा अशा शेजारच्या शाळांचा एक गट करून त्यासाठी दोन पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ आणि एक विशेष शिक्षक नेमले, त्यांचे वार ठरवून दिले आणि त्यांना दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही असा लेखी आदेश काढला, तर सुरुवात होते. खर्च पगाराचा आहे. खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि दार बंद होण्याची सोय एवढंच बाकी लागतं.

पालकांनाही पहिल्याच पालकसभेत विचारता येतील असे प्रश्न आहेत. शाळेत समुपदेशक आहे का, तिचं शिक्षण काय, ती आठवड्यात किती दिवस असते, माझ्या मुलाला परवानगीशिवाय तिच्याकडे जाता येतं का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. अध्ययन अक्षमता त्यातल्या एकवीस प्रकारांत मोडते आणि ती लवकरात लवकर ओळखणं ही शाळेची जबाबदारी आहे. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत शिक्षकांनी तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचं होताना प्राथमिक तपासणी करावी आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी असं म्हटलं आहे. आठ वर्षांपासून प्रमाणपत्र मिळू शकतं, म्हणजे नववीपर्यंत थांबण्याचं काहीच कारण नाही. तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मुख्याध्यापकांना भेटून, आमच्या तिसरीच्या मुलांची ही तपासणी कोणत्या महिन्यात आहे, एवढं विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं.